ई-कचऱ्याचा धंदा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

या धंद्यात उतरू पाहणारा माणूस पहिला प्रश्न हमखास मशीनचा विचारतो. श्रेडर कुठला घ्यावा, केबल सोलायचं मशीन केवढ्याला पडतं, आणि मदरबोर्डातून सोनं काढायची 'प्रोसेस' कुठं शिकायला मिळते. मशीन सगळ्यात शेवटी, हे माझं ठरलेलं उत्तर. आधी कागद, मग माल, मग जागा, मग माणसं. हा क्रम उलटा करणाऱ्यांची मशीनं प्लास्टिक गुंडाळलेली उभी असतात आणि बँकेचा हप्ता मात्र चालू असतो.

सोन्याचं आधीच सांगून टाकतो. बोर्डात सोनं असतं, खोटं नाही. पण व्हिडिओत दाखवतात तसं बादलीत अ‍ॅसिड ओतून ते काढणं बेकायदा आहे, फुफ्फुसांची वाट लावणारं आहे, आणि उरलेलं पाणी ओतायला तुमच्याकडे जागा नाही. ते ओढ्यात सोडलंत तर मार्कंडेय नाहीतर मलप्रभा गाठणार. छोट्या माणसानं बोर्ड नीट काढावा, प्रतवारी करावी आणि नोंदणी असलेल्या रिसायकलरला विकावा. पैसा तिथंच आहे.

१. तुम्ही नक्की कोण होणार ते ठरवा

सध्या लागू आहेत ते २०२२ चे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम. १ एप्रिल २०२३ पासून ते अमलात आले. त्यात नोंदणी चौघांनाच आहे: मॅन्युफॅक्चरर (उपकरणं बनवणारा), प्रोड्यूसर (ती आपल्या नावानं बाजारात आणणारा), रिफर्बिशर (जुनी दुरुस्त करून विकणारा) आणि रिसायकलर (तोडून धातू-प्लास्टिक वेगळं काढणारा). आधीच्या २०१६ च्या नियमांत डिसमँटलर (नुसती तोडणी करणारा) आणि कलेक्शन सेंटर यांचाही वेगळा उल्लेख होता, आता तो नाही. म्हणून कुणी एजंट 'तुम्हाला डिसमँटलरचं लायसन काढून देतो, एवढे एवढे लागतील' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. तो जुन्याच नियमांवर पोट भरतोय.

नवख्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली, नोंदणीकृत रिसायकलरसाठी माल गोळा करणं. तुमच्या नावावर केंद्रीय नोंदणी नसते, तुम्ही त्याच्या वतीनं काम करता. भांडवल कमी लागतं, धंदा शिकायला मिळतो. अट एकच, लेखी करार हवा. तोंडी ओळखीवर टेम्पो भरलात आणि रस्त्यात कुणी कागद मागितला, तर तुम्ही साधे विनापरवाना भंगारवाले ठरता.

दुसरी, रिफर्बिशर. जुने लॅपटॉप, डेस्कटॉप, प्रिंटर, यूपीएस दुरुस्त करून विकायचे. आपल्याकडे कॉम्प्युटर हार्डवेअरचं काम येणारी पोरं भरपूर आहेत आणि महाविद्यालयांमुळे जुन्या लॅपटॉपला गिऱ्हाईकही आहे. त्यामुळे बेळगावात मला ही वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. मात्र दुरुस्तीतून उरलेला कचरा नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यावा लागतो, आणि त्याचा हिशोब केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर दाखवावा लागतो.

तिसरी, स्वतः रिसायकलर. यात जागा, मशीन, प्रदूषण मंडळाच्या संमत्या, सगळं अंगावर येतं. पहिल्या दोनपैकी एका वाटेवर निदान एक पूर्ण वर्ष काढल्याशिवाय इकडे वळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्ष का, तर माल वर्षभर सारखा येत नाही. दसऱ्याआधी घरं आवरताना ढीग येतो, मार्चअखेरीस ऑफिसं मोडीत काढतात, आणि भर पावसात आठवडेच्या आठवडे काटा हलत नाही. हे चढउतार बघून झाले की मशीन केवढं हवं ते तुमचं तुम्हालाच कळतं.

२. माल कुठून येणार, हे कागदावर लिहून काढा

नफा-तोटा इथंच ठरतो, म्हणून इथं जरा थांबू.

मोठी गिऱ्हाइकं कोण? अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं, इस्पितळं, बँका, पतसंस्था, चिकोडी-अथणीकडचे साखर कारखाने, उद्यमबाग आणि मच्छेतले कारखाने. यातल्या 'बल्क कन्झ्युमर'वर कायद्याचं बंधन आहे. वर्षात केव्हाही यादीतली किमान १००० उपकरणं वापरात असलेली संस्था म्हणजे बल्क कन्झ्युमर. तिनं आपला ई-कचरा नोंदणीकृत प्रोड्यूसर, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यायचा. म्हणजे तुमच्याकडे नोंदणी नसेल तर तिथला माल तुम्हाला स्वतःच्या नावावर घेता येत नाही. ज्याच्याशी करार आहे त्या रिसायकलरच्या नावानं कोटेशन, त्याच्याच नावानं पावती. तुमचं कमिशन तुमच्या दोघांत.

सरकारी आणि निमसरकारी मोडीचा माल बहुतेक ई-लिलावात जातो. एमएसटीसी या लिलाव घेणाऱ्या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर खातं उघडून ठेवा आणि सुरुवातीला नुसते दर बघत राहा. बोली लावण्याआधी प्रत्यक्ष माल बघायची मुभा असते, ती कधीही सोडू नका. कॅटलॉगमध्ये 'कॉम्प्युटर, संख्या अमुक' लिहिलेलं असतं. जाऊन झाकण उघडावं तर रॅम नाही, हार्ड डिस्क नाही, प्रोसेसर नाही, नुसता पत्र्याचा डबा आणि धूळ. त्याला पत्र्याचाच भाव लावायचा.

उद्यमबागेतल्या मशीन शॉपमधून निघणारे सीएनसी कंट्रोल पॅनल, ड्राइव्ह, पीएलसी कार्ड, म्हणजे कारखान्यातली मशीनं आणि मोटारी चालवणारे इलेक्ट्रॉनिक भाग, ही आपल्या भागाची खास चीज. मुंबई-पुण्याच्या रिसायकलरला कॉम्प्युटरचा माल कुठूनही मिळतो, पण औद्योगिक कार्ड त्याला हवी असतात. ती तोडायच्या आधी दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवा. चालू ड्राइव्हला भंगाराच्या कितीतरी पट पैसे देणारा माणूस गावातच सापडतो.

घरगुती मालासाठी गल्लोगल्ली फिरायला जाऊ नका. ते काम भंगारवाले तुमच्यापेक्षा फार चांगलं करतात. त्यांना स्पर्धक समजाल तर मालच मिळणार नाही. त्यांच्याशी दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. एक, वायर जाळायची नाही. न जाळलेल्या वायरीला तुम्ही चांगला भाव देता हे दोन-तीनदा रोख देऊन दाखवा, मग सांगावं लागत नाही. जाळलेलं तांबं काळं पडतं आणि पुढं त्याचा भावही पडतो, शिवाय पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात. दोन, टीव्ही अख्खा आणायचा. त्यातलं तांबं काढून काच नाल्यात टाकून आलेला टीव्ही तुम्ही घेत नाही म्हणून सांगा.

आणि काटा स्वतःचा ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावा. भंगाराच्या धंद्यात 'याचा काटा खरा' ही ओळख झाली की अर्धा माल आपणहून येतो.

३. जागा

केआयएडीबीच्या किंवा केएसएसआयडीसीच्या (राज्य सरकारच्या उद्योग मंडळांच्या) औद्योगिक वसाहतीत, म्हणजे होनगा, मच्छे, उद्यमबाग अशा भागात गाळा मिळाला तर भाडं थोडं जास्त पडलं तरी घ्या. जमिनीच्या वापराचा प्रश्न तिथं सुटलेला असतो. येळ्ळूर रोडला किंवा कंग्राळीकडं मामाच्या शेतात पत्र्याची शेड आहे, भाडं नाही, असा मोह बहुतेकांना होतो. त्या शेताच्या उताऱ्यावर जमीन शेतीची असेल तर प्रदूषण मंडळाचा अर्ज तिथंच अडतो. आधी कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ खाली डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून बिगरशेती करून घ्यावी लागते, आणि त्यात मामाच्या चार भावांच्या सह्या लागतात हे अर्ज भरताना कळतं.

भाड्याची जागा असेल तर अकरा महिन्यांचा करार पुरत नाही. संमती काही वर्षांसाठी मिळते, तेव्हा करारही तेवढ्या मुदतीचा आणि सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला असावा. करारात 'ई-कचरा साठवणूक व प्रक्रिया' हा वापर स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'व्यवसायासाठी' लिहिलं असेल तर मालक पुढं शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून हात वर करतो.

किती जागा? केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांचा अंदाज धरला तर रोज एक टन तोडणीला ३०० चौरस मीटर आणि एक टन रिसायकलिंगला ५०० चौरस मीटर. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन मी त्यात थोडी भर घालायला सांगेन. जून ते सप्टेंबर उघड्यावर काहीच ठेवता येत नाही. पाणी झिरपणार नाही अशी काँक्रीटची फरशी, छताची वळचण पुढं आलेली, दाराशी उंबरठ्याएवढा उंचवटा आणि माल ठेवायला लाकडी पॅलेट. खानापूरकडं शेड घेत असाल तर पश्चिमेची बाजू पत्र्यानं पूर्ण बंद करा. तिकडून पाऊस आडवा येतो. भिजलेल्या बोर्डाचं वजन वाढतं म्हणून खूश होऊ नका. घेणारा ओलाव्याची घट कापतो, आणि भिजलेल्या ढिगाखालून येणारं काळं पाणी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला पहिलं दिसतं.

४. नाव, उद्यम, जीएसटी

हे सोपं आहे, पटकन उरका. एकट्यानं असाल तर प्रोप्रायटरशिप चालते. भागीदार असेल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, कारण पुढं काही दंड झाला तर कुणाच्या घरापर्यंत जायचा हे आधी ठरलेलं बरं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जीएसटी पहिल्या दिवसापासून घ्या, मर्यादेची वाट बघू नका. कारण तुमचा माल घेणारा जीएसटीवालाच असणार.

भंगाराच्या जीएसटीत एक मेख आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्याकडून नोंदणी असलेल्यानं धातूचं भंगार घेतलं तर कर घेणाऱ्यानं भरायचा आहे. नोंदणीकृत ते नोंदणीकृत व्यवहारात घेणारा २ टक्के टीडीएस कापतो, करार अडीच लाखांच्या वर गेला की. भंगारवाल्याकडून तांबं घेताना रोख दिलं आणि विसरलो, असं चालत नाही. सीए निवडताना 'भंगाराची फाइल कधी केलीय का?' एवढं विचारा. केली नसेल तर दुसरा बघा.

जाता जाता पाटीचं. कर्नाटकात व्यावसायिक पाटीवर ६० टक्के भाग कन्नड असावा लागतो आणि तो वरच्या बाजूला. मराठी, इंग्रजी खाली बसवा. पाटीवरून महापालिकेचं ट्रेड लायसन अडकवून घेऊ नका, त्यापेक्षा पेंटरला दोनशे रुपये जास्त देणं परवडतं.

५. संमती: सीएफई आणि सीएफओ

कोल्हापूर-इचलकरंजीच्या पाहुण्याकडून फाइलचा नमुना आणून त्यावरच अर्ज करणारे बरेच भेटतात. तिकडचं मंडळ वेगळं, अर्जाचे नमुने वेगळे. आपल्याकडे कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्याचं बेळगावचं प्रादेशिक कार्यालय, आणि कागदांची नावं सीएफई आणि सीएफओ. पहिलं उभारणीआधी घ्यायचं, दुसरं चालू करण्याआधी. सीएफई हातात आल्याशिवाय पाया खणायचा नाही, मशीनही उतरवायचं नाही.

पंधरा कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला जिल्हा पातळीवरची एक खिडकी समिती मान्यता देते. तिचे अध्यक्ष डीसी असतात आणि काम जिल्हा उद्योग केंद्रातून, म्हणजे डीआयसीतून चालतं. छोट्या युनिटनंही तिथून सुरुवात करावी. वीज, पाणी, जागा यांच्या अर्जांना त्या मान्यतेचं वजन पडतं. पीएमईजीपीचा (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा) अर्जही तिथूनच मार्गी लागतो. त्यात उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख, आणि अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. बायकोच्या किंवा बहिणीच्या नावावर अर्ज करायचा असेल तर कारभारही खरोखर तिच्याच हाती द्या. बँकेचा माणूस तिलाच प्रश्न विचारतो.

सोबत लागणारे कागद असे:

– जागेचा उतारा (पहाणी) किंवा वसाहतीचं वाटपपत्र, आणि नोंदवलेला भाडेकरार
– बिगरशेतीचा आदेश, लागू असेल तर
– पॅन, आधार, उद्यम, जीएसटी प्रमाणपत्र; एलएलपी किंवा कंपनी असेल तर स्थापनेचे कागद
– प्रकल्प अहवाल आणि कामाचा क्रम दाखवणारा तक्ता: काय येतं, कुठं तुटतं, काय निघतं, ते कुणाकडं जातं
– जागेचा आराखडा, साठवण आणि तोडणी वेगळी दाखवलेला
– भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला, कारण संमतीची फी त्यावर ठरते
– घातक कचरा विल्हेवाट केंद्राशी केलेला करार
– हेस्कॉमची वीज मंजुरी आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला

घातक कचऱ्याचा अधिकारपत्र-अर्ज २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांखाली नमुना १ मध्ये करायचा. सीएफओच्या अर्जासोबतच लावून टाका, मागाहून वेगळी फाइल फिरवायला लागत नाही.

नावांचा घोळ आताच मिटवा. कन्नड उताऱ्यावरून इंग्रजीत उतरलेलं नाव आणि आधारवरचं नाव यांत एखादं अक्षर इकडंतिकडं असतंच. त्यात काही कागदांवर शहराचं जुनं नाव, काहींवर २०१४ नंतरचं. नोटरीकडून एकच प्रतिज्ञापत्र करून घ्या, 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची व एकाच ठिकाणाची', आणि प्रत्येक फाइलला त्याची प्रत जोडा. कन्नड वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. लाजायचं कारण नाही, आपल्यातल्या निम्म्यांची तीच गत आहे. पोच घेताना सकाला क्रमांक मागा. सकाला म्हणजे कर्नाटकचा सेवा हमी कायदा. ज्या सेवा त्या कायद्यात येतात त्यांना ठरलेली मुदत असते, आणि तो क्रमांक दाखवला की 'साहेब मीटिंगला गेलेत' हे उत्तर कमी वेळा ऐकायला मिळतं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असतं, तेव्हा मात्र कुठलाच क्रमांक चालत नाही. अख्खी यंत्रणा तिकडं जुंपलेली असते. अर्ज ऑक्टोबरच्या आत द्या, नाहीतर सरळ जानेवारीत.

६. केंद्रीय नोंदणी

सीएफओ मिळाल्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर रिसायकलर किंवा रिफर्बिशर म्हणून अर्ज करायचा. कागद बहुतेक वरचेच, त्यात मशीनचे फोटो आणि क्षमतेचा तपशील वाढतो. क्षमता फुगवून लिहू नका. संमतीत रोज एक टन आणि पोर्टलवर तीन टन, असं दिसलं की अर्ज परत येतो.

७. गाळ्यातलं काम

एक जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही घेऊ. खेडोपाडी अजून येतात.

प्लग काढून कितीही दिवस झाले असले तरी ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो. म्हणून इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरला जाड वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या धातूच्या पट्टीला जोडायचं, मग टोपीच्या कडेनं स्क्रूड्रायव्हर आत सरकवायचा. 'चट्' असा आवाज आला की भार उतरला. मग मानेवरचं छोटं कार्ड ओढून काढायचं. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. मान अलगद मोडून हवा आत जाऊ द्यायची, तीही चष्मा आणि हातमोजे घालूनच, नाहीतर ट्यूब फुटून काचा अंगावर येतात. मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिसं असतं, पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फरची पूड असते. ती झाडूनं झाडायची नाही आणि काच फोडायची नाही. ट्यूब अख्खी रिसायकलरकडे जाते.

आता तांबं. मानेवरच्या योकमध्ये (तारेच्या गुंडाळीत) असतं, ते चोख. पडद्याच्या कडेनं फिरलेली जाड रिंग मात्र ब्लेडनं खरवडून बघा. वरून लालसर, आत पांढरं निघालं तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे, लाली नुसत्या वार्निशची. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये आणि पंख्याच्या मोटारीतही हाच खेळ चालतो. तांब्याच्या भावानं रिंगा घेऊन ठेवणारा नवखा पहिल्याच गाडीत गार होतो.

फ्रिज-एसी घेणार असाल तर गॅस काढून सिलिंडरमध्ये भरायचं मशीन आणि ते चालवणारा माणूस आधी हवा. नळी कापून गॅस हवेत सोडायचा नाही. नव्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस ज्वलनशील असतो, बंद गाळ्यात त्याच्याशेजारी ग्राइंडर लावणं म्हणजे आत्महत्या. ही सोय नसेल तर फ्रिज घेऊच नका.

मोबाईल-लॅपटॉपच्या बॅटऱ्या वेगळ्या. त्यांच्यासाठी ई-कचऱ्याचे नियम नाहीत, २०२२ चे बॅटरी कचरा नियम स्वतंत्र आहेत आणि त्या बॅटरी रिसायकलरकडेच जातात. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून तो डबा शेडच्या बाहेर आडोशाला. तोडणीच्या टेबलापाशी वाळूच्या बादल्या ठेवा.

हार्ड डिस्कबद्दल एवढंच: बँक किंवा इस्पितळाचा माल असेल तर त्यांच्या माणसासमोर ड्रिल मारा, सिरियल नंबर लिहून सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र द्या. याचे पैसे वेगळे लावता येतात आणि लोक खुशीनं देतात.

पारा असलेल्या ट्यूबलाइटी आणि सीएफएल फोडू नका. टोनरच्या कार्ट्रिजवर हवेचा झोत मारू नका. काम करणाऱ्या पोरांना मास्क, मोजे, बूट द्या आणि जेवायची जागा शेडच्या बाहेर ठेवा. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा) लागतो.

८. हद्द ओलांडताना

चंदगड, गडहिंग्लज, कागल ही आपली रोजची गावं. पाहुणे तिकडं, गिऱ्हाइकं तिकडं. पण कायद्याच्या नजरेत शिनोळीपासून दुसरं राज्य लागतं. तिथून माल येतो तेव्हा आयजीएसटी लागतो, आणि पन्नास हजारांच्या वर किंमत गेली की ई-वे बिल. चंदगडात गोडाऊन घ्यायचं ठरवलंत तर कर्नाटकच्या जीएसटी क्रमांकात ते जोडता येत नाही. महाराष्ट्राची वेगळी नोंदणी, वेगळ्या मंडळाची वेगळी संमती. सुरुवातीला गोडाऊन एकाच राज्यात ठेवा आणि तिकडून थेट गाडी आणा.

गाडीत ठेवायचे कागद: बिल किंवा चलन, ई-वे बिल, काट्याची पावती, माल घेणाऱ्याच्या नोंदणीची प्रत आणि तुमच्या कराराची प्रत. चलनावर 'भंगार' एवढंच न लिहिता 'वापरलेले डेस्कटॉप, नग अमुक, वजन अमुक' असं लिहा. घातक अवशेष विल्हेवाटीला जातात तेव्हा नमुना १० ची मॅनिफेस्ट (मालासोबत जायचं वाहतूक-पत्रक) लागते, आणि राज्याबाहेर जाणार असतील तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचं काम वाढतं. ते शक्यतो राज्यातच पाठवा.

सीमाप्रश्न तापला की गाड्या थांबवा. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास आणि अधिवेशनाच्या दिवसांत दुसऱ्या राज्याच्या नंबरची भाड्याची गाडी मागवायची नाही. दोन दिवस माल पडून राहिला तर काही सडत नाही.

९. पैसा आणि ईपीआर

मिळकतीचे दोन भाग. एक, धातू, प्लास्टिक आणि बोर्डांची विक्री. दुसरा, रिसायकलर झाल्यावर मिळणारी ईपीआर प्रमाणपत्रं. ईपीआर म्हणजे विकलेल्या मालाच्या कचऱ्याची कंपनीवर येणारी जबाबदारी. टीव्ही, फ्रिज, मोबाईल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना ठराविक प्रमाणात ई-कचऱ्याचं रिसायकलिंग दाखवावं लागतं: २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. त्यासाठी त्या रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेतात. ती सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या प्रत्यक्ष निघालेल्या वजनावर तयार होतात आणि ज्या आर्थिक वर्षात तयार झाली त्याच्या अखेरीपासून दोन वर्षं चालतात. रिफर्बिशरला वेगळी प्रमाणपत्रं मिळतात, त्यांनी कंपनीची जबाबदारी पुढं ढकलली जाते.

आत न आलेल्या मालावर प्रमाणपत्रं काढून विकायचा सल्ला देणारे भेटतील. आवक, जावक, वीजबिल आणि जीएसटी एकमेकांशी ताडून बघितले जातात. सापडलात तर पर्यावरण भरपाई भरावी लागते आणि नोंदणी जाते ती वेगळीच.

सुरुवातीच्या हिशोबात ईपीआरचा एक रुपयाही धरू नका. माल रोखीनं घ्यावा लागतो आणि विक्रीचे पैसे महिन्यानं येतात, तेव्हा खेळतं भांडवल निदान दोन महिन्यांच्या खरेदीएवढं हवं. बँकेकडून मुदत कर्ज मशीनला मिळतं, मालाला नाही. सीसी लिमिटचं (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) बोलणं त्याच अर्जात करून घ्या. पतसंस्था लवकर देतात, पण त्यांच्या व्याजावर भंगाराचा नफा टिकत नाही.

तारखा कॅलेंडरवर लाल करून ठेवा. पोर्टलवरचं तिमाही विवरण तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याअखेरपर्यंत. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, नमुना ४, ३० जूनपर्यंत. ई-कचरा १८० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही आणि घातक अवशेष ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणून प्रत्येक पॅलेटवर आवक तारखेची चिठ्ठी लावा, खडूनं लिहू नका. पावसाळ्यात खडू पुसतो.